अस्तर लावलेला चेनचा पाऊच: पहिल्यांदा शिवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात मी सगळ्यात आधी चेनच्या पाऊचचं कापड देते. ब्लाउज नाही आणि परकरही नाही. पाऊच कुणाच्या अंगाला बसवायचा नसतो, त्यामुळे मापाची धास्ती राहत नाही. कापड थोडं लागतं. आणि सरळ टीप, चेन, अस्तर, उलटवणं, कोपरे हे सगळं एकाच वस्तूत शिकून होतं. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळी मापं एकाच पाऊचची आहेत: शिवून झाल्यावर ८ इंच रुंद आणि साधारण पावणेसहा इंच उंच. पेनं, चष्मा, औषधाच्या गोळ्या, चार्जरची वायर असं काहीही त्यात मावतं.

किती कापड लागेल आणि तुकडे केवढे कापायचे?

बाहेरच्या कापडाचे २ तुकडे आणि अस्तराचे २ तुकडे, चारही ९ इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच. बाहेरचं पाव मीटर आणि अस्तराचं पाव मीटर घेतलं, तर ४४ इंच पन्ह्यात दोन पाऊच आरामात निघतात. दुसरा पाऊच नक्की शिवा, कारण पहिल्यात हात बसतो आणि दुसऱ्यात तो दिसतो.

माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) अशी धरली आहे: चेनच्या बाजूला पाव इंच, म्हणजे २ सूत, आणि बाकी तिन्ही बाजूंना अर्धा इंच. चेनच्या कडेला जास्त माया सोडलीत तर कापड दातांच्या फार जवळ येतं आणि पुढे रनर (चेन उघडणारा-मिटवणारा सरकता तुकडा) त्यात अडकत राहतो.

चारही तुकडे एकावर एक ठेवून बघा. एकही तुकडा दोन सूत तिरका असेल तर तो आत्ताच नीट करा. तिरका कापलेला तुकडा टीप मारून सरळ होत नाही.

पहिल्या पाऊचला कोणतं कापड घ्यावं? माझ्याकडे खणाचा तुकडा पडलेला आहे.

पहिल्या वेळी साधं, घट्ट विणीचं सुती कापड घ्या. जाडसर पॉपलीन, दोसुती, खादी, जुन्या पण न विरलेल्या चादरीचा तुकडा, काहीही चालेल. अस्तराला मांजरपाट किंवा पॉपलीन. अस्तर फिक्या रंगाचं घ्या, म्हणजे पाऊचच्या तळाशी गेलेली छोटी वस्तू पटकन दिसते. काळ्या अस्तरात काळं रबर शोधून बघा, म्हणजे कळेल.

सुती आणि हातमागाचं कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. ही पायरी बहुतेक जणी गाळतात. मग पहिल्या धुण्यात बाहेरचं कापड आटतं, अस्तर आटत नाही, आणि पाऊच कायमचा आखडल्यासारखा दिसतो.

खणाचा तुकडा मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाऊचसाठी जपून ठेवा. खण दिसतो देखणा, पण कापल्या कापल्या त्याच्या कडा सुटायला लागतात आणि २ सूत माया हातातच उसवते. त्याच्या मागे आधी पेस्टिंग (कापडाला ताठपणा देणारं, इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा आणि मगच कापा. गडद खणाचा रंगही जातो. त्याला पांढरं अस्तर लावण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीने एक कोपरा घासून बघा. इरकलीला हेच सगळं लागू पडतं.

पैठणीच्या किंवा जुन्या रेशमी साडीच्या काठाचा पाऊच करायचा असेल, तर काठ दोन्ही हातांत धरून हलका ताणून बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच फाटतं, आणि ते शिवल्यानंतर फाटलं की जीव हळहळतो. आजीच्या साडीचा तुकडा असेल तर आधी चादरीच्या कापडाचा एक पाऊच पूर्ण शिवा, मग त्याला हात लावा.

पेस्टिंग लावायलाच हवं का?

कापड जाड असेल तर नको. पातळ सुती असेल तर लावाच, नाहीतर चेन वजनदार, कापड मऊ, आणि पाऊच रिकामा असताना चेनच्या भाराने वाकतो. शर्टच्या कॉलरला लावतात ते फार कडक होतं. दुकानात पातळ, कापडी पेस्टिंग मागा. काही जण त्याला फ्यूजिंग किंवा चिकट कॅनव्हास म्हणतात. पेस्टिंग बाहेरच्या तुकड्यांच्या उलट बाजूला लावायचं, चकचकीत खरखरीत बाजू कापडाकडे ठेवून. इस्त्री घासायची नाही. एका जागी दाबून ठेवायची, उचलायची, पुढच्या जागी ठेवायची. घासली की पेस्टिंग सरकतं आणि खाली फुगे राहतात.

तुकडा कापायच्या आधीच पेस्टिंग लावलं तर मापही चुकत नाही.

चेन कोणती घ्यावी? नंबर ३, नंबर ५ म्हणजे काय?

नायलॉनची चेन घ्या. तिला वेगवेगळे दात नसतात, वेटोळ्याची एक सलग तार असते, त्यामुळे ती कुठेही कात्रीने कापता येते आणि तिच्यावरून मशीनची सुई जाऊ शकते. मेटलच्या दातांवर सुई पडली तर सुई तुटते, आणि तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. मेटलची चेन पुढे कधीतरी.

नंबर हा बंद चेनच्या दातांच्या रुंदीवरून येतो, साधारण मिलिमीटरमध्ये. या मापाच्या पाऊचला ३ नंबर पुरतो. बाहेरचं कापड जाड असेल किंवा आत फोम घालणार असाल तर ५ नंबर घ्या. कुर्त्याला लावतात ती अदृश्य चेन घेऊ नका. तिचे दात मागच्या बाजूला वळलेले असतात आणि रनर नाजूक असतो. पाऊच दिवसातून वीस वेळा उघडला जातो, तो ताण तिला सोसत नाही.

मी चेन मीटरवर घेते आणि रनर वेगळे. पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वरला चेन, लेस, बटणं अशा सामानाची दुकानं ओळीने आहेत, पण शिंप्याला सामान पुरवणारं दुकान लहान गावातही असतंच. या पाऊचला ११ इंच चेन कापा. कापडापेक्षा २ इंच जास्त का, ते पुढे कळेल.

मीटरवरच्या चेनमध्ये रनर घालताच येत नाही. काय चुकतंय?

रनर हातात घेऊन नीट बघा. एका बाजूला त्याला दोन तोंडं आहेत, दुसऱ्या बाजूला एकच. बंद चेनचं टोक त्या एकाच तोंडातून आत सारायचं, म्हणजे रनर पुढे जाताना मागे चेन उघडत जाते. मग रनर उलटा ओढलात की ती परत मिटते. दोन्ही पट्ट्या अगदी बरोबरीने आत गेल्या पाहिजेत. चेन चालते ती एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूच्या दातांमध्ये एकाआड एक बसण्यावर. अभियंता गिडिऑन सुंडबॅकने १९१३ साली ही रचना केली, तेव्हापासून तिचं तत्त्व बदललेलं नाही. एक पट्टी दोन दातांनी जरी पुढे सरकली तरी चेन पोट काढते आणि मधेच उघडते. तसं झालं तर ओढाताण करू नका, रनर बाहेर काढा आणि पुन्हा घाला.

टोक आत जात नसेल तर सुटलेले धागे मेणबत्तीच्या आचेजवळ क्षणभर धरा, वितळून कडक होतात. रनर बसला की लगेच दोन्ही टोकांना हाताने चार टाके घाला, नाहीतर तो शिवता शिवता निसटून मशीनखाली जातो.

माझ्या मशीनला चेनफूट नाही. चालेल का?

काळ्या पायमशीनचा नेहमीचा फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा धातूचा पाय) अरुंदच असतो, त्यावर ३ नंबरची चेन छान लागते. नव्या घरगुती मशीनचा फूट रुंद असतो आणि त्याची एक बाजू दातांवर चढते. तिथे चेनफूट, म्हणजे दातांवर न चढणारा अरुंद फूट, घेतलेलाच बरा. दुकानात काही जण त्याला सिंगल फूट म्हणतात. जाताना आपला जुना फूट सोबत न्या, कारण सगळे फूट सगळ्या मशीनना बसत नाहीत.

कोणतं कापड कशावर ठेवायचं तेच डोक्यात राहत नाही.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुलट-उलट डोळ्यांनी दिसेपर्यंत सगळ्यांचं असंच होतं.

बाहेरचा एक तुकडा टेबलावर ठेवा, सुलट बाजू वर, तुमच्याकडे बघणारी. त्याच्या वरच्या कडेवर चेन ठेवा, पालथी, म्हणजे रनरचं हँडल कापडाला टेकलेलं. चेनची पट्टी आणि कापडाची कड एका रेषेत, आणि दोन्हीकडे इंचभर चेन बाहेर लोंबती. त्यावर अस्तर, सुलट बाजू खाली. आता दोन्ही कापडांच्या सुलट बाजू एकमेकींकडे तोंड करून आहेत आणि चेन मधे झाकली गेली आहे. टाचण्या लावा. नवशिक्यांनी टाचण्यांवर थांबू नये, लांब धावदोऱ्याने कच्ची शिलाई घालावी. तीन मिनिटांचं काम आहे, आणि त्यामुळे उसवण्याची अर्धी वेळ टळते. मग पाव इंचावर टीप मारा.

दोन्ही कापडं चेनपासून मागे वळवा, उलट बाजू एकमेकींना लागतील अशी. इस्त्री करा. आता कापडाच्या घडीपासून एक सूत आत, वरून दुसरी टीप मारा. ही टीप शोभेची वाटते, पण तिचं खरं काम अस्तराला दातांपासून दूर धरून ठेवण्याचं आहे. विकतच्या स्वस्त पाऊचमध्ये रनर अस्तर चावतो, तो बऱ्याचदा हीच टीप गाळलेली असल्यामुळे.

दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. बाहेरचा दुसरा तुकडा सुलट वर, त्यावर चेनची मोकळी कड पालथी, त्यावर अस्तराचा दुसरा तुकडा सुलट बाजू खाली. इथे एक जादा काळजी: आधी लावलेल्या तुकड्यांचे आणि नव्या तुकड्यांचे कोपरे समोरासमोर आले पाहिजेत. चेन बंद करून पट्टीने बघा. इथे अर्धा इंच फरक राहिला तर पाऊच तिरका होणार, मग पुढे कितीही नीट शिवा.

रनरजवळ आलं की माझी टीप वाकडी होते.

कारण रनर जाड आहे आणि फूट त्याला वळसा घालून जातो. रनर एका टोकाला सारून शिवायला सुरुवात करा. त्याच्यापासून दीड इंचावर आलात की थांबा. चाक हाताने फिरवून सुई कापडात खाली उतरवा, फूट उचला, रनर हळूच शिवून झालेल्या भागाकडे ओढा, फूट खाली सोडा, पुढे चला. सुई खाली असल्याने कापड हलत नाही. चेन कापडापेक्षा लांब घेण्याचा हा एक फायदा आहे: रनर बाहेर लोंबत्या भागात सारून ठेवला तर थांबावंच लागत नाही.

पाऊच शिवून झाला पण उलटवताच येईना!

बाजू शिवताना चेन बंद राहिली. माझा पहिला पाऊच असाच झाला होता. पाऊच उलटवण्यासाठी अस्तरात मोकळी सोडलेली फट होती, तिच्यातून हात आत गेला, पण बाहेरच्या भागात शिरायला वाटच नव्हती, आणि मी एक आख्खी बाजू उसवली. तेव्हापासून बाजूंच्या शिलाईला बसण्याआधी चेन साधारण अर्धी उघडायची आणि रनर मधोमध आणून ठेवायचा, हे मी शिकवताना मोठ्याने म्हणून घेते.

रनर मधे आणण्याचं दुसरंही कारण आहे. बाजू शिवल्यावर चेनचे लोंबते तुकडे कापायचे असतात. रनर त्या लोंबत्या भागात राहिला आणि कात्री चालली, तर रनर हातात आणि पाऊच बिनरनरचा.

तर बाजू अशा शिवा. बाहेरचे दोन तुकडे सुलटाला सुलट एका बाजूला, अस्तराचे दोन तुकडे सुलटाला सुलट दुसऱ्या बाजूला, चेन मधे. अस्तराच्या तळाला ४ इंच जागा खडूने खूण करून मोकळी सोडा. त्या खुणेपासून निघा, अर्ध्या इंचावर चहूबाजूंनी टीप मारत दुसऱ्या खुणेवर या. सुरुवातीला आणि शेवटी टीप मागेपुढे करून पक्की करा, कारण उलटवताना सगळा ताण त्या दोन ठिकाणी येतो. कोपरे तिरके छाटा, टिपेपासून एक सूत लांब. फटीतून सगळं बाहेर काढा, कोपरे लाटण्यासारख्या बोथट वस्तूने ढकला. कात्रीच्या टोकाने ढकलू नका, भोक पडतं. शेवटी फट शिवून टाका.

चेनच्या दोन टोकांना कोपरे दबलेले, चुरगळलेले दिसतात. विकतच्यासारखे चौकोनी कसे येतील?

पाऊच चांगला शिवलाय की नाही हे मी इथेच बघते. मधली सरळ टीप कुणालाही जमते. पाऊचची सगळी परीक्षा चेनच्या या दोन टोकांवर असते.

टोक का दबतं ते आधी समजून घ्या. बाजूच्या शिलाईत त्या एका जागी बाहेरच्या कापडाचे दोन थर, अस्तराचे दोन थर, त्यांची माया, आणि शिवाय घडी घातलेली चेन, असं सगळं एकदम येतं. हा गठ्ठा उलटवला की वळत नाही आणि कापडाला आत ओढतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. बाजू शिवण्याआधी चेनची घडी घालताना दात अस्तराच्या बाजूला वळवा, आणि माया बाहेरच्या कापडाकडे. त्या जागेवर येताना मोटर किंवा पाय थांबवा, चाक हाताने फिरवा, चार-पाच टाके सावकाश घाला. मग लोंबती चेन कापा आणि तिथली माया थोडी छाटा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

दुसरा उपाय जास्त चांगला: चेनच्या टोकांना कापडाच्या पट्ट्या लावा, म्हणजे बाजूच्या शिलाईत चेन येणारच नाही. या वेळी चेन ८ इंच कापा. चेनच्या रुंदीच्या आणि दीड इंच लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. पट्टी चेनच्या टोकावर सुलटाला सुलट ठेवा, पाव इंचावर टीप मारा, बाहेरच्या बाजूला वळवून इस्त्री करा, वरून एक टीप. दुसऱ्या टोकाला तसंच, आणि त्याआधी रनर चेनवर आहे ना, बघा. आता साडेसात इंच चेन दिसते आणि दोन्हीकडे कापड आहे. मधोमध धरून एकूण लांबी ९ इंच राहील इतकं छाटा. बाकी कृती तीच. पाऊच ८ इंच रुंद होतो, म्हणून प्रत्येक टोकाला पाव इंच पट्टी दिसते आणि बाजूच्या टिपेखाली फक्त कापड येतं. पट्टी बाहेरच्या कापडाला उठून दिसेल अशा रंगाची लावली तर छान दिसते.

तयार बंद चेन वापरत असाल तर तिच्या टोकाला पत्र्याची क्लिप असते. सुई तिच्यावर पडू देऊ नका.

अस्तर आत सैल पडतं, फुगतं.

अस्तर आणि बाहेरचा भाग एकाच मापाचे आहेत, पण अस्तर आत बसतं, म्हणून ते थोडं लहान हवं. अस्तराच्या बाजू आणि तळ शिवताना अर्ध्या इंचाऐवजी एक सूत जास्त आत टीप मारा. तुकडे तसेच राहू द्या, फरक फक्त टिपेत करा.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. मशीन बिघडली का?

बहुतेक वेळा नाही. खाली गुंता दिसला तरी चूक सहसा वरच्या दोऱ्यात असते. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलेला दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटाने मागे धरून ठेवा. तरीही टाके चुकत असतील तर सुई बदला. सुती कापडाला ९०/१४ नंबरची सुई बरी, खण-रेशमाला ७५/११. यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. दोरा पॉलिस्टरचा घ्या, जुनं सुती रीळ चेनच्या ताणाला तुटतं. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर ठेवा, वरून दिसणाऱ्या टिपेला तीन.

मशीनच नाही. हाताने शिवता येईल?

हो, आणि टिकतोही. फक्त धावदोऱ्याने शिवू नका, एक टाका तुटला की सगळी रांग सुटते. हातटीप घाला: प्रत्येक टाका मागे जाऊन पुढे यायचा, टाके बारीक, दोरा दुहेरी. एका संध्याकाळीच पुरा करायचा हट्ट धरू नका.

तळ सपाट, पाऊच उभा राहील असा करायचा आहे.

उलटवण्याआधी, बाहेरच्या आणि अस्तराच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर आणून कोपऱ्याचा त्रिकोण करा. टिपेच्या टोकापासून १ इंचावर आडवी टीप मारा, ती बरोबर २ इंच रुंद होते. तेवढाच रुंद तळ मिळतो. मात्र पाऊच उंचीत १ इंच आणि रुंदीत २ इंच कमी होतो, म्हणून कापतानाच तुकडे तेवढे मोठे घ्या.

ओला साबण, टूथब्रश ठेवायला अस्तर कोणतं?

छत्री-रेनकोटचं पातळ, पॅराशूट म्हणतात ते कापड. त्याला टाचण्या लावू नका, टाचणीचं भोक तसंच राहतं आणि पाणी झिरपतं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. इस्त्री थेट लावायची नाही, बोटाच्या नखाने घडी पाडा. हे पूर्ण जलरोधक होत नाही, टिपेतून ओल थोडी येतेच, पण बॅगेतले कपडे भिजत नाहीत.

धुवायचा कसा?

सुती असेल तर साध्या साबणाने, हाताने, चेन बंद करून. पिळू नका. अस्तर बाहेर ओढून चेन उघडी ठेवून सावलीत वाळवा. इस्त्री करताना नायलॉनच्या दातांवर जाऊ नका, ते वितळतात. चेन अडखळायला लागली तर बंद दातांवरून मेणबत्ती घासा आणि रनर पाच-सात वेळा पुढेमागे करा.